सरीत पाणी, वरंब्यावर मका

मका पाण्यावाचून तग धरत नाही आणि साचलेल्या पाण्यातही जगत नाही. हिंगोलीचा पाऊस एकाच हंगामात या दोन्ही परीक्षा घेतो. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि मक्याला पेरणीपासून कणीस वाळेपर्यंत साधारण ४५० ते ६०० मिलिमीटर पाणी लागते. कागदावर हिशेब सुटतो, वर पाणी उरतेसुद्धा. रानात मात्र जुलैत कोवळ्या रोपांच्या ओळीच्या ओळी पिवळ्या पडतात आणि ऑगस्टात तेच पीक भर दुपारी पानांच्या सुरळ्या करून उभे असते.

अलीकडची दोन वर्षे घ्या. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. मराठवाड्यातली पिके फुलोऱ्यात असतानाच पावसाने दडी मारली. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या सप्टेंबरची पहिली तारीख उजाडली आणि ऐन पोळ्याच्या तोंडावर हिंगोली, परभणी, नांदेड या पट्ट्यात असा पाऊस कोसळला की कयाधू पात्र सोडून रानात शिरली. एका वर्षी पाणी कसे धरून ठेवावे याची चिंता, दुसऱ्या वर्षी ते बाहेर कसे काढावे याची. खरे तर दोन्ही चिंता एकाच वर्षात, कधी कधी एकाच महिन्यात येतात.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाच्या भिंतीवर कधी ना कधी रंगवली गेली आहे. काळ्या रानातल्या मक्याला तिच्यात तिसरी आज्ञा जोडावी लागते: जास्तीचे पाणी काढा. या प्रकरणात ज्या पेरणीच्या पद्धती पाहायच्या आहेत, त्या या तिन्ही कामांसाठी आहेत. नुसती बचत डोळ्यांपुढे ठेवून त्या वापरल्या तर निम्मा फायदा हातचा जातो.

हिंगोली हा काही मक्याचा जिल्हा म्हणून ओळखला जात नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या पाच तालुक्यांत खरिपाचे राज्य सोयाबीनचे आहे. सोबतीला तूर आणि कापूस, आणि वसमतकडे हळद. मक्याचा मराठवाडा पाहायचा तर सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीकडे जावे लागते. इकडे मका म्हणजे जनावरांसाठी धुऱ्याकडेला पेरलेला आफ्रिकन टॉल, नाहीतर श्रावणात भाजून खायचे कणीस. पण सोयाबीनच्या भावाने गेल्या काही हंगामांत जी निराशा केली, तिच्यामुळे मक्याचा विषय पारावर निघू लागला. त्यात इथेनॉलची भर पडली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणली आणि कारखानदारांची नजर मक्याकडे वळली. मक्याचा हमीभाव २०२३-२४ मध्ये क्विंटलला २,०९० रुपये होता, २०२५-२६ मध्ये तो २,४०० रुपये झाला. हमीभाव जाहीर होणे आणि तो बाजारात मिळणे यांतले अंतर शेतकऱ्याला सांगायला नको. तरीही पीक म्हणून मका नजरेत आला आहे, आणि म्हणूनच त्याचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा.

ज्वारी थांबते, मका थांबत नाही

आपल्या आजोबा-पणजोबांनी या भागात ज्वारी धरली ती उगाच नाही. पावसाचा खंड पडला की ज्वारी वाढ थांबवते, पाने आवळून घेते आणि पाऊस आला की पुन्हा चालू लागते. मक्याला हे फारसे जमत नाही. त्याचे घड्याळ एकदा सुरू झाले की ते चालत राहते. संकरित मक्याला पेरणीपासून पन्नास-पंचावन्न दिवसांनी तुरा येतो, मग रानात ओल असो की नसो.

आता पंचांग उघडून ताळा करू. हिंगोलीत पेरणी मृगात क्वचित साधते, बहुतेकदा आर्द्रात होते. २५ जूनला पेरलेला मका १५-२० ऑगस्टच्या सुमारास तुऱ्यावर येतो, म्हणजे आश्लेषा संपून मघा लागताना. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस पडून गेलेले असतात आणि मोसमी पावसाची उघडीप नेमकी याच काळात लांबते. पिकाचा सर्वांत नाजूक पंधरवडा आणि पावसाचा सर्वांत बेभरवशाचा पंधरवडा एकमेकांवर येतात. हिंगोलीच्या मक्याची मुख्य अडचण एवढीच आहे, बाकीच्या तिच्या शाखा.

त्या पंधरवड्यात होते काय, हे एखादे कणीस सोलून पाहिले तर चटकन कळते. मक्याच्या शेंड्यावरचा तुरा म्हणजे नर फुले, पानाच्या बेचक्यातले कणीस म्हणजे मादी. कणसाच्या तोंडातून जे रेशमी केस बाहेर पडतात, त्यांतला प्रत्येक केस एकेका होऊ घातलेल्या दाण्यापासून निघालेला असतो. पाचशे दाण्यांचे कणीस हवे तर पाचशे केस बाहेर यायला हवेत आणि प्रत्येकावर परागाचा निदान एक कण पडायला हवा. बुडाकडच्या दाण्यांचे केस आधी बाहेर पडतात, शेंड्याकडचे सर्वांत शेवटी. हे केस लांबतात ते निव्वळ पाण्याच्या जोरावर. झाडाला पाणी कमी पडले की तुरा ठरल्या दिवशी पराग उधळून मोकळा होतो आणि केस मात्र चार-सहा दिवस रेंगाळतात. नवरदेव मुहूर्तावर मांडवात उभा आणि नवरीकडचे वऱ्हाड अजून वाटेतच, अशी गत. केस बाहेर येतात तेव्हा परागच उरलेला नसतो. काढणीला कणीस सोलले की शेंड्याकडचा बोटभर भाग बोडका निघतो आणि आपण म्हणतो, बियाणे खराब होते. कधी असतेही. पण रिकामा भाग शेंड्याकडेच असेल तर बियाण्याच्या दुकानदाराशी भांडण्याआधी ऑगस्टातले कोरडे दिवस मोजावेत. या टप्प्यात पीक आठवडाभर सुकत राहिले तर उत्पन्न निम्म्यावर येऊ शकते.

मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय मका आणि गहू सुधार केंद्राने, म्हणजे ‘सिमिट’ने, नेमके हेच अंतर धरून दुष्काळात टिकणारा मका शोधला. १९७० च्या दशकापासून तिथल्या शास्त्रज्ञांनी तुक्सपेन्यो नावाच्या मक्याची पाण्याचा ताण देऊन पिढ्यान् पिढ्या निवड केली. निकष साधा होता: ताण असतानाही तुरा आणि केस यांच्यात कमीत कमी दिवस जातील ती झाडे ठेवायची, बाकीची सोडायची. वाणाची निवड करताना आपल्यालाही यातून एक प्रश्न उचलता येतो. पिशवीवरचे ‘विक्रमी उत्पादन’ वाचण्याऐवजी दुकानदाराला विचारावे की हा वाण किती दिवसांत निघतो. कोरडवाहूत लवकर किंवा मध्यम मुदतीत येणारा मका बरा. दीर्घ मुदतीचा वाण पाण्याची खात्री असलेल्यांनी घ्यावा.

काळी जमीन, तिचा वेग आणि तिचा अडथळा

मे महिन्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पहिला मोठा पाऊस या भेगांतून सरळ खाली जातो. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथे इक्रिसॅट या संस्थेने काळ्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग मोजला आहे. कोरड्या जमिनीत पहिल्या अर्ध्या तासात तो ताशी ७० मिलिमीटरच्या वर असतो. माती फुगली, भेगा मिटल्या की हाच वेग ताशी एका मिलिमीटरच्याही खाली येतो. म्हणजे आर्द्रातल्या पहिल्या पावसाला जी जमीन सगळे पाणी पिऊन टाकते, तीच महिनाभराने तासाभराच्या सरीपुढे हात टेकते. वरचे पाणी वाट फुटेल तिकडे धावते आणि जाताना माती घेऊन जाते. जिथे वाट नाही तिथे साचते.

एक एकरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दोन लाख लिटर पाणी पडले. यातले किती मुरेल आणि किती ओढ्याला लागेल, हे पावसापेक्षा रानाची ठेवण ठरवते.

साचलेल्या पाण्याने मक्याचे जे होते, ते दुष्काळाइतके डोळ्यांत भरत नाही म्हणून त्याची दखल कमी घेतली जाते. पहिले तीन आठवडे मक्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या पृष्ठभागाखालीच असतो. वर दिसतात ती नुसती पाने. या वयात रान दोन-तीन दिवस चिबडले की मातीतला प्राणवायू संपतो, मुळ्या गुदमरतात, दिलेले नत्र वायू होऊन उडून जाते किंवा निचऱ्याबरोबर निघून जाते. रोप मरत नाही, पण पिवळे पडते, खुजे राहते. आणखी वाईट गोष्ट पुढे घडते. चिबडीत वाढलेल्या रोपाची मुळे वरवरच राहतात. ऑगस्टात उघडीप पडते तेव्हा खाली दोन फुटांवर ओल असूनही ती तिथपर्यंत पोचत नाहीत. जुलैतल्या जास्तीच्या पाण्याचा दंड ऑगस्टातल्या कमी पाण्यात भरावा लागतो. म्हणून निचरा हादेखील पाणी वाचवण्याचाच एक प्रकार आहे, हे माझे म्हणणे थोडे उलटे वाटले तरी टिकणारे आहे.

मांजरी, सोलापूर, पाटणचेरू

कोरडवाहू रानात पाणी धरण्याचा अभ्यास महाराष्ट्रात जुना आहे. १९२३ मध्ये पुण्याजवळच्या मांजरीला तो सुरू झाला आणि १९३३ मध्ये सोलापूरला स्वतंत्र केंद्र निघाले. एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथून जी पद्धत मांडली, ती ‘मुंबई कोरडवाहू शेती पद्धत’ म्हणून देशभर ओळखली गेली: बांधबंदिस्ती, शेणखत, एकरी कमी बियाणे, दोन ओळींत जास्त अंतर, आणि पिकात पुन्हा पुन्हा कोळपणी. उत्पन्न वाढले, पण शेतकऱ्याच्या डोळ्यांत भरेल इतके वाढले नाही. सुधारित वाण नव्हते, खते नव्हती. तरी त्यातले एक सूत्र शंभर वर्षांनंतरही खरे आहे. ओल मोजकी असेल तर झाडेही मोजकीच ठेवावीत.

दुसरा टप्पा १९७२ नंतरचा. त्या दुष्काळी वर्षात पाटणचेरूला इक्रिसॅटची स्थापना झाली आणि त्याच वर्षी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. इक्रिसॅटने भारी काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत बसवली. साधारण एक मीटर रुंदीचा, किंचित उंच, सपाट गादीवाफा, त्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मीटरच्या सऱ्या, आणि सगळ्या सऱ्यांना अगदी बेताचा उतार, शंभर मीटर लांबीत ४० ते ८० सेंटिमीटर. १९७६ पासून तिथे एका पाणलोटात ही सुधारित पद्धत आणि शेजारी पारंपरिक पद्धत सलग चालवली गेली. सुधारित बाजूला हेक्टरी सुमारे पाच टन धान्य निघत राहिले, पारंपरिक बाजूला सुमारे एक टन. हा आकडा भाषणांतून फार वापरला जातो, म्हणून एक खुलासा इथेच करतो. पाच टनांतले सगळे श्रेय सरीचे नाही. त्यात सुधारित वाण होते, खत होते आणि खरिपात रान पडीक न ठेवता घेतलेले आणखी एक पीक होते. सरीने काय केले, तर या सगळ्याला उभे राहायला जागा दिली.

मग हे तंत्र बाजूच्याच मराठवाड्यात यायला इतकी वर्षे का लागली? एक तर सुरुवातीचे बैलांचे अवजार महाग होते. दुसरे कारण कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, धुऱ्यावर सापडेल. सरीतून निघालेले पाणी शेवटी कुणाच्या तरी रानात जाते. वरच्या शेतकऱ्याने सऱ्या काढल्या आणि तोंडे खालच्याच्या धुऱ्यावर सोडली की तंत्रज्ञान संपते आणि भाऊबंदकी सुरू होते. नाल्यापर्यंत पाण्याची वाट दोघांच्या संमतीने काढणे, हे या पद्धतीतले पहिले काम आहे. यंत्र भाड्याने आणणे दुसरे.

आज या रुंद वरंबा-सरीचे ‘बीबीएफ’ हे नाव हिंगोलीच्या खेड्यातही कुणाला फोड करून सांगावे लागत नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हा जिल्हा होता, गावोगावी तो प्रकल्प ‘पोकरा’ म्हणून माहीत आहे. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राचे आणि परभणीच्या विद्यापीठाचे कामही जवळच आहे. ट्रॅक्टरचलित बीबीएफ यंत्र एका फेरीत वरंबा, सरी आणि पेरणी तिन्ही करते. पण ते येते सोयाबीनसाठी लावलेले, वरंब्यावर चार ओळी पेरणारे. मक्यासाठी त्यातले दोन दाते बंद करायचे, उरलेले दोन साठ सेंटिमीटरवर सरकवायचे आणि बियाण्याची चकती बदलायची. चकती न बदलता पेरले तर एका जागी तीन दाणे आणि पुढे हातभर रिकामे, असा प्रकार होतो. यंत्रवाला घाईत असतो, त्याला पुढच्या रानात जायचे असते. आपण दहा पावले मागे चालून माती उकरून पाहावी: दाणा चार-पाच सेंटिमीटर खोल, आणि दोन दाण्यांत वीतभर अंतर.

दीड मीटरच्या एका पट्ट्यात दोन ओळी आणि झाडांत वीस सेंटिमीटर धरले की एकरी साधारण २७ हजार झाडे बसतात. सपाट रानात ६० बाय २० सेंटिमीटरवर पेरला तर हाच आकडा ३३ हजारांच्या पुढे जातो. ‘सरीत जागा वाया गेली’ ही तक्रार इथूनच निघते. पाण्याची हमी असेल तर ती रास्त आहे. कोरडवाहूत कमी झाडे हा तोटा समजू नये. कानिटकरांचे सूत्र आठवावे.

सरी किती पाणी धरते? दीड मीटरच्या अंतराने सऱ्या काढल्या तर एकरात सुमारे २,७०० मीटर लांबीची सरी होते. ती वर ४५ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल असली तर एका वेळी अंदाजे ९० हजार लिटर पाणी तिच्यात मावते, म्हणजे २२ मिलिमीटर पाऊस. मोठी सर आली की हे पाणी रानातून सुसाट न जाता सरीत रेंगाळते, वरंब्याच्या बुडात झिरपते, आणि उरलेले हळूहळू बाहेर पडते. वरंब्यावरची मुळे तेवढा वेळ हवेत असतात. अडवणे, जिरवणे, काढणे, तिन्ही कामे त्या अर्ध्या मीटरच्या खोलगट पट्ट्यात होतात. मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरीच्या कडेने एक चक्कर मारावी. चोवीस तासांनंतरही जिथे पाणी तुंबलेले दिसेल तिथे कुदळीचे दोन घाव हवेत. जुलै सरून पाऊस मंदावू लागला की याच्या उलटे करायचे: सरीत ठरावीक अंतरावर मातीचे छोटे बांध घालून पाणी कोंडायचे.

यंत्र नसलेल्याने काय करावे

हिंगोलीत दोन-अडीच एकरवाल्यांची संख्या मोठी आहे आणि पेरणीच्या चार दिवसांत यंत्र सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. वाफसा यंत्राची वाट पाहत नाही. अशा वेळी तिफणीने सपाट पेरावे आणि सरी नंतर काढावी. पेरणी मात्र उताराला आडवी हवी, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये. कृषी विभाग दरवर्षी हे सांगतो आणि दरवर्षी काही जण धूळपेरणीचा जुगार खेळतात. सोयाबीनची दुबार पेरणी जड जाते, संकरित मक्याची त्याहून जड.

पीक गुडघ्याला लागायच्या आत, पंचवीस-तीस दिवसांचे असताना, शेवटच्या कोळपणीला कोळप्याच्या दोन्ही दांड्यांमध्ये पात्याच्या थोडे वर सुताची जाड दोरी गच्च गुंडाळतात. कुणी गोणपाटही बांधते. एरवी पात्यावरून सरकून मागे पडणारी माती दोरीला अडते आणि दोन्ही अंगांना ढकलली जाते. मागे सरी पडते, बाजूच्या ओळींना मातीची भर मिळते. खर्च म्हणाल तर दोरीचा. मक्याला ही भर दुहेरी कामाची, कारण खालच्या पेरांतून फुटणारी आधारमुळे तिच्यात रुततात आणि भाद्रपदातल्या वाऱ्यात पीक लोळत नाही. दर दोन ओळींनंतर अशी सरी निघाली की बीबीएफचे बरेचसे काम झाले. हे काम लांबवू नये. पीक कमरेला लागल्यावर कोळपे घातले तर मुळे तुटतात आणि वाचवलेल्या पाण्यापेक्षा नुकसान अधिक होते.

कोळपणीने आणखी एक गोष्ट साधते. वरचा दोन बोटे थर भुसभुशीत राहतो, भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जायला वेळ लागतो. सोयाबीनचे कुटार किंवा गव्हाचा भुसा ओळींत पसरला तर ओल आणखी टिकते, पण गोठ्यात जनावरे असतील तर कुटार मातीवर टाकायला कुणाचे मन होत नाही. आणि ते बरोबरच आहे.

जगात इतरत्र लोकांनी मक्यासाठी काय काय केले आहे! अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी पठारावर होपी लोक वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर पावसात मका घेतात. ओल सापडेपर्यंत, कधी हातभर खोलसुद्धा, खड्डा करून त्यात दहा-बारा दाणे टाकतात आणि दोन खड्ड्यांत माणूस चालेल एवढे अंतर ठेवतात. चीनमधल्या गान्सू प्रांतात सरी-वरंब्यावर प्लास्टिकचा कागद अंथरून हलक्या सरीचेही पाणी झाडाच्या बुडाशी नेतात. मक्याचे पीक तिथे त्यामुळे पसरले, आणि आता मातीत राहिलेल्या प्लास्टिकच्या चिंध्यांचे काय करायचे ही नवी डोकेदुखी आहे. होपींचा वाण पिढ्यान् पिढ्या त्या खोलीतून वर यायला घडलेला आहे. आपला संकरित दाणा काळ्या चिकणमातीत हातभर खाली टाकला तर तो तिथेच कुजेल. तंत्र उसने घेण्याआधी ज्या पावसासाठी ते जन्मले तो पाऊस पाहावा.

एका पाण्याची किंमत

इतके करूनही ऑगस्टात तीन आठवड्यांचा खंड पडला तर सरीत धरलेली ओल पुरत नाही. तेव्हा एक संरक्षित पाणी पीक तारते, आणि ते कधी द्यायचे हे ठरवणे अवघड नाही. तुरा पोंग्यातून डोकावू लागला आणि पाने सकाळी दहा-अकरालाच सुरळी करू लागली की थांबू नये. दुपारी दोनची सुरळी संध्याकाळी उलगडत असेल तर अजून दोन दिवस हातात आहेत. दाणा कडक झाल्यावर दिलेले पाणी मात्र मनाच्या समाधानापुरतेच.

तीस मीटर लांब-रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावते. एकराला ५० मिलिमीटरची पाळी, म्हणजे दोन लाख लिटर, धरली तर कागदावर अकरा एकर भिजतात. झिरपा आणि बाष्पीभवन वजा करता पाच-सहा एकर धरा. सरीतून पाणी देताना एकाआड एक सरी भिजवावी: प्रत्येक वरंब्याला एका बाजूने ओल मिळते, पाणी बरेच वाचते आणि तेवढ्याच साठ्यात जास्त रान होते. जिल्ह्यात हरभऱ्यामुळे तुषार संच घरोघर आहेत, पण डोक्यावर गेलेल्या मक्यात ते बसवणे कठीण. बसवलेच तर सकाळी चालवू नयेत. पराग सकाळच्या वेळी झडतो आणि वरून पडणारे पाणी तो धुऊन नेते.

खताचा हिशेबही पाण्याशीच बांधलेला आहे. नत्र एकदम न देता तीन हप्त्यांत, आणि तेही ओल असताना. कोरड्या मातीवर फेकलेला युरिया आणि पाणी तुंबलेल्या सरीत टाकलेला युरिया, दोन्ही पैसे हवेत जातात.

पाण्याची सगळी गणिते जुळली तरी मक्याला दोन शत्रू उरतात. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि काही महिन्यांतच महाराष्ट्रात पसरली. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली की समजावे ती आली. ताणातल्या पिकाचे ती अधिक नुकसान करते, म्हणून पहिले तीन-चार आठवडे आठवड्यातून दोनदा पोंगे पाहावेत. दुसरा शत्रू रानडुकरांचा कळप. औंढा, कळमनुरी, सेनगावच्या डोंगराळ भागात माळाला लागून एकट्यानेच मका पेरणे म्हणजे त्यांना आवतण देणे. रोही आहेतच. तिथे पाच-सात जणांनी मिळून सलग पट्टा पेरावा आणि राखण वाटून घ्यावी, नाहीतर दुसरे पीक पाहावे. या प्रश्नावर कुठल्याही पेरणी यंत्रात उत्तर नाही.

तेव्हा मका घ्यावा की नाही? मुरमाड, हलक्या रानात मुळीच घेऊ नये, तिथे सरीत पाणी थांबतच नाही. मध्यम ते भारी जमीन असेल, सरीच्या पाण्याला नाल्यापर्यंत भांडणाविना वाट असेल आणि ऑगस्टात एका पाण्याची सोय असेल, तर सोयाबीनचे एखादे एकर कमी करून मका जरूर पेरावा. जमीन चांगली आहे आणि वाटही आहे, पण पाण्याची सोय नाही, असे असेल तर लवकर येणारा वाण विरळ पेरून त्यात तुरीची ओळ टाकावी, म्हणजे मका हुकला तरी तूर हाती लागते. आणि जमीनच हलकी असेल तर त्या रानाला ज्वारीइतके जाणणारे पीक दुसरे नाही. भाव कमी मिळेल, पण घरात दाणा येईल आणि गोठ्यात कडबा.